पनवेलहून निघालेली संध्याकाळ

सकाळी सहा. नळाला पाणी येतं त्या वेळेत घरातली बाकीची कामं थांबतात. टाकी, पिंप, कळश्या, मग धुणं. जानेवारीत पनवेलला पाण्याची ओढ नसते. उन्हाळ्यात देहरंग धरण खाली गेलं की पाणी दिवसाआड होतं. मुंबईत संध्याकाळची शहरफेरी घेणं हे माझं काम. एका तिकिटात संग्रहालय, कॉकटेल आणि शेवटी कारंज्यांचा खेळ. पिंप भरताना त्या कारंज्यांचा विचार मनात येतोच, आणि फेरीत मी तो बोलूनही दाखवते.

साडेआठ. फोनाफोनी. आज शनिवार, दहा पाहुणे. न्यू जर्सीहून आलेलं एक मराठी कुटुंब, सोबत त्यांची कोथरूडची आजी. कोल्हापूरचे काका-काकू. बंगळुरूच्या चार मैत्रिणी. न्यू जर्सीची मुलगी बावीस वर्षांची आहे. तिकडे एकविसाव्या वर्षी बारचं दार उघडतं. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात. हे बारच्या टेबलावर सांगून कोणाचा विरस करण्यापेक्षा सकाळी फोनवर सांगितलेलं बरं. तिची आई म्हणाली, “ताई, तिला कोकम आवडतं, काळजी करू नका.” बसवाल्या दादांना वेळ पुन्हा सांगितली. ही फेरी मी रविवारी शक्यतो घेत नाही. हार्बरवर मेगाब्लॉक असला की पनवेलकर माणूस वेळेचा शब्द देऊ शकत नाही.

दहा. वही उघडली. संग्रहालयाला दीड तास मिळतो. एवढ्या वेळात सगळी दालनं फिरवता येतात, पण माणसाच्या हाती काहीच लागत नाही. पुढच्या ग्लासाची वाट पाहत तो काचांवरून नजर फिरवत जातो. माझ्या मते अशा मिश्र फेरीत संग्रहालय हाच कणा असायला हवा. म्हणून मी तिथे तीनच गोष्टी दाखवते आणि प्रत्येकीपाशी लोकांना उभं करते. तिन्ही निवडताना कसोटी एकच: ही वस्तू मुंबईत कुठून आली? मी पनवेलची, त्यामुळे मला हे शहर समोरच्या किनाऱ्यावरून बघायची सवय आहे. इकडून काय काय तिकडे गेलं, ते मला आधी दिसतं.

पावणेएक. पनवेल-सीएसएमटी लोकल इथूनच सुटते, त्यामुळे खिडकी मिळते. सव्वा तासाच्या वर प्रवास. वाशी सोडल्यावर गाडी ठाणे खाडीच्या पुलावर येते, तेव्हा मी वही मिटते. पूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेल बंदराला उतरायचा आणि मग बोरघाटाची वाट धरायचा. घाटात गाडीरस्ता झाला १८३० साली. त्यावरून चालणाऱ्या बैलगाड्यांची चाकं करण्यात पनवेलच्या कारागिरांचं नाव होतं. आज पनवेल म्हटलं की लोकांना जंक्शन आठवतं, फार तर नवं विमानतळ. बंदर कुणाला आठवत नाही, म्हणून फेरीच्या पहिल्या पाच मिनिटांत मी ते सांगते.

साडेतीन. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बाग. सगळे वेळेवर आले. आत शिरण्याआधी मी त्यांना इमारतीच्या भिंतीपाशी नेते आणि दगड बघायला लावते. करडा दगड कुर्ल्याचा, पिवळसर मालाडचा. आज ज्या कुर्ल्यात माणूस गाडी बदलतो आणि ज्या मालाडात फ्लॅटचे भाव विचारतो, तिथे खाणी होत्या. पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हातून. वास्तुविशारद जॉर्ज विटेट, ज्याने पुढे गेटवे ऑफ इंडियाही उभारला. घुमट बघून कोल्हापूरचे काका लगेच म्हणाले, “हा तर विजापूरचा गोलघुमट!” बरोबर ओळखलं, विटेटने तोच डोळ्यांसमोर ठेवला होता. इमारत १९१४ साली तयार झाली, पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि तिथे लष्करी इस्पितळ आलं. संग्रहालय म्हणून दारं उघडली १९२२ च्या जानेवारीत.

मग घुमटाखाली. लोक इथे वर बघतात आणि पुढे सरकतात. मी थांबवते. चहूबाजूंनी दगड, आणि मध्ये लाकूड: महिरपी, कठडे, सज्जा. नाशिककडच्या एका वाड्यातलं हे अठराव्या शतकातलं काम विटेटने विकत घेतलं आणि या नव्या इमारतीच्या पोटात बसवलं. वाडा कुठेतरी मोडला गेला, त्याचा हा भाग वाचला. इंग्रज राजपुत्राच्या नावाने उभ्या राहिलेल्या घुमटाच्या मधोमध मराठी सुताराचा हात आहे, हे मला प्रत्येक वेळी सांगावंसं वाटतं, आणि प्रत्येक वेळी ते सांगताना माझा आवाज जरा चढतो.

आजी कठड्याकडे बघत राहिल्या. “आमच्या माहेरी सदरेवर अशाच महिरपी होत्या गं,” त्या नातीला म्हणाल्या. “श्रावणात त्यांना तेल लावायचं. कोरीव कामात बोटं जायची नाहीत, मग काडीला चिंधी गुंडाळायची आणि पाकळीपाकळीतून फिरवायची.” नातीने विचारलं, “तेलच का?” आजींनी मग वाळवीपासून सगळं सांगितलं: सागवान कोरडं पडलं की कसं तडकतं, धूर बसला की कसं काळवंडतं. बंगळुरूच्या मुलीही ऐकत उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी मी हिंदीत सांगत गेले. घड्याळात वीस मिनिटं गेली. जाऊ दिली. वहीतलं माझं वाक्य त्या काडीच्या चिंधीपुढे फिकंच होतं.

तिसरी जागा शिल्पांच्या दालनात. घारापुरीहून आणलेला सहाव्या शतकातला ब्रह्मा. घारापुरी म्हणजे एलिफंटा, लोक तिला मुंबईचं बेट समजतात. ती आहे उरण तालुक्यातली, आमच्या रायगड जिल्ह्यातली. पाहुण्यांना मी मूर्तीसमोरून हळूहळू बाजूला चालायला सांगते, म्हणजे एकेक तोंड समोर येत जातं. काकू दोनदा फिरल्या. “लेणी अजून तशीच आहेत का ओ?” त्यांनी विचारलं. आहेत म्हटलं, आणि महेशमूर्ती तिथेच आहे.

सव्वापाच. बाहेर पडताना चौकात वेलिंग्टन फाउंटन लागतं, १८६५ चं. ते मी चालता चालता दाखवते, कारण पुढे फ्लोरा फाउंटन आहे. कुलाब्यातल्या गल्लीतला बार छोटा आहे, दहा माणसांनी भरतो, आणि तिथला मुलगा स्वतः आगळ आणतो. एरवी बाटलीतलं लाल सरबत ओततात आणि त्याला कोकम म्हणतात. हा कोकमाचं खरं आगळ घेतो, जिनमध्ये घालतो, वर चिमूटभर भाजलेलं जिरं आणि ग्लासाच्या काठाला काळं मीठ. रंग जांभळ्याकडे झुकणारा. जिन नको असलेल्यांना तोच ग्लास सोड्यासोबत. बावीस वर्षांच्या मुलीचा ग्लास आणि आईचा ग्लास शेजारी ठेवले तर ओळखू येत नव्हते.

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं. पाहुणे ताजमधल्या हार्बर बारबद्दल वाचून आलेले असतात. १९३३ चा, मुंबईतला पहिला परवानाधारक बार म्हणून तो ओळखला जातो. ते सांगतेच. पण मुंबईच्या पिण्याची खरी गोष्ट दारूबंदीची आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, आणि आजही पाट्यांवर दिसणारी ‘परमिट रूम’ ही अक्षरं त्याच काळाची खूण. त्या कायद्यात एक अडचण आमच्या गावासारख्यांची होती. पनवेलला १८७२ साली धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू झाला. आयुर्वेदातल्या आसव-अरिष्टांत मद्य बाहेरून घालत नाहीत. रस किंवा काढा, गूळ आणि धायटीची फुलं भांड्यात बंद करून ठेवली की ते आतच तयार होतं, साधारण ५ ते १० टक्के. मग द्राक्षासव ही दारू की औषध? बालसरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली कायदा बहुतांशी कायम ठेवला, पण मद्यांश असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी रद्द केली.

आजींनी हे शांतपणे ऐकलं आणि लेकाला म्हणाल्या, “बाळंतपणात मला दशमूलारिष्ट देत होते ते चाललं ना? मग मला यातला एक घोट दे.” घोट घेतला. “मीठ जास्त झालंय,” म्हणाल्या आणि ग्लास स्वतःकडेच ठेवला.

खायला काय, असं काकांनी विचारलं तेव्हा मी पोपटीचं सांगितलं. सध्या रायगडात घरोघरी तोच हंगाम. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन. पुन्हा पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. पाणी आणि तेल, दोन्ही नाही. बारच्या भाजलेल्या शेंगदाण्यांवर भागवत हे ऐकणं पाहुण्यांना जड गेलं. पण कॉकटेलसोबत काय शोभतं असं विचाराल तर माझं उत्तर तेच राहील.

साडेसहा. हुतात्मा चौक. दिवे लागले होते. फ्लोरा फाउंटन १८६४ चं. आराखडा नॉर्मन शॉचा, कोरीव काम जेम्स फोर्सिथचं, दगड इंग्लंडच्या पोर्टलंडचा. दुपारपासून आपण कुर्ल्याचा दगड बघत आलो, हा मात्र समुद्रापलीकडून आलेला. खर्च ४७,००० रुपये. हे मुळात व्हिक्टोरिया गार्डनसाठी होतं, म्हणजे आजच्या राणीच्या बागेसाठी. विहार तलावाचं पाणी मुंबईला मिळू लागलं १८६० साली आणि चारच वर्षांत चौकात कारंजं उभं राहिलं. विहिरी आणि टाक्यांवर जगलेल्या शहराला नळ आल्याचा तो आनंद असणार, असं मला वाटतं. पुढे अनेक वर्षं ते कोरडं होतं. डागडुजी होऊन २०१९ च्या जानेवारीत पुन्हा वाहू लागलं. काम चालू असताना रस्त्याखाली ट्रामचे जुने रूळही सापडले.

शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. इथे मी कमी बोलते. २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले १०६ हुतात्मे, १ मे १९६०. काकांनी चपला काढल्या आणि हात जोडले. नातीने आपणहून फोन खिशात ठेवला. संध्याकाळच्या सहलीत, पेयांनंतर, ही जागा आणावी का, असं मला सहकारी विचारतात. आणावी. पेयांआधी आणली तर लोक घाईत असतात. नंतर आणली तर ते थांबतात, हा माझा अनुभव आहे.

सात. बस. मरीन ड्राइव्ह, कोस्टल रोड, सी लिंक. बंगळुरूच्या मुली खिडकीला चिकटल्या, मी पाणी प्यायले आणि घसा ओला केला.

आठच्या सुमारास. वांद्रे-कुर्ला संकुल, जिओ वर्ल्ड सेंटरमधला धीरूभाई अंबानी स्क्वेअर. ‘फाउंटन ऑफ जॉय’ २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झालं. पाण्याचे ३९२ झोत, आगीचे ८ फवारे, सहाशेच्या वर दिवे. पहिल्या खेळाला मुंबई महापालिकेच्या शाळांतले शिक्षक बोलावले होते, ही गोष्ट मला फार आवडते. खेळ सुरू झाल्यावर मी बोलत नाही. झोत कमळासारखे उमलतात, मिटतात, संगीत चढलं की मधूनच आग फुलते आणि पुढच्या रांगेतल्या लोकांच्या तोंडावर ऊब येते. काकू टाळ्या वाजवत होत्या. सुंदर आहे, आणि सुंदर म्हणूनच सांगते.

आवाज थांबल्यावर आजींनी विचारलं, “एवढं पाणी जातं कुठं?” हा प्रश्न आला की माझं काम झालं असं मी समजते. कारंज्याचं पाणी खालच्या हौदातच पडतं, पंप तेच पुन्हा वर फेकतो. उडालेलं, वाळलेलं तेवढं भरावं लागतं. पण शहराचं पाणी कुठून येतं, ते त्यांना सांगितलं. विहार, तुळशी पुरेनात म्हणून तानसा, मग वैतरणा, मग भातसा. ही धरणं शहापूर आणि आसपासच्या तालुक्यांत. मे महिन्यात त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर जातात. दुपारपासून विचारतोय तोच प्रश्न इथेही लागू आहे: हे मुंबईत कुठून आलं? दगड, लाकूड, मूर्ती घेताना पाठवणाऱ्या गावाचं नाव तरी फलकावर लिहिलं जातं. पाण्याचंही लिहावं, नळावर नाही तरी निदान अशा चौकात. न्यू जर्सीच्या बाबांनी भातसा कुठे आहे ते नकाशावर काढलं आणि बराच वेळ बोटाने मागेपुढे करत राहिले.

नऊ. निरोप. आजींनी माझ्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला. रिक्षाने कुर्ला स्टेशन, पूल चढून हार्बरचा फलाट, पनवेल गाडी. वाशीपर्यंत उभी, मग जागा मिळाली. वहीत दोन ओळी लिहिल्या: महिरपींना तेल, काडीला चिंधी. पुढच्या फेरीला सांगेन, आजींच्या नावावर.

पावणेअकरा. शेजारच्या वाडीतली पोपटी संपत आली होती, माझ्या वाटच्या शेंगा पाल्यात झाकून ठेवल्या होत्या. खाता खाता फोन वाजला. काकूंचा मेसेज: घारापुरीला उद्याच जायचं म्हणतात, काय करू? लिहिलं: “गेटवेहून सकाळी नऊपासून लाँच सुटतात. सोमवारी लेणी बंद, उद्या रविवार म्हणजे चालू. पहिल्या लाँचने जा, गर्दी कमी असते. वर चढायला पायऱ्या आहेत, काकांना सावकाश चढू द्या. पाण्याची बाटली निघतानाच भरून घ्या.”