स्वयंपूर्ण कुटीचा हिशेब

शहराच्या धांवपळींतून चार दिवस मोकळें व्हावें, म्हणून गांवाबाहेर झाडांच्या सान्निध्यांत लहानशा कुट्या बांधण्याची आवड आपल्याकडे वाढत आहे. अशा कुट्यांच्या वर्णनांत 'निसर्गानुकूल' आणि 'स्वयंपूर्ण' हीं दोन विशेषणें हटकून असतात. सिमेंटच्या भिंतीला मातीचा रंग दिला कीं पहिलें विशेषण लागू होतें, असा पुष्कळांचा समज दिसतो; दुसऱ्याचा तर अर्थहि कोणी विचारीत नाहीं. तो अर्थ आज आपण हिशेब मांडून पाहूं.

आपणां विदर्भवासीयांना या धड्यासाठीं दूर जावयास नको. ३० एप्रिल १९३६ रोजीं महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगांव या खेड्यांत राहावयास आले. याच गांवाचें नांव १९४० सालीं सेवाग्राम झालें. तेथील घरासाठीं त्यांची अट अशी होती कीं, सामान व कारागीर आसपासचेच असावेत आणि खर्च शंभर रुपयांवर जाऊं नये. प्रथम 'आदि-निवास' उभा राहिला. पुढें मीराबेन यांनीं स्वतःसाठीं उभारलेल्या झोंपडींत गांधीजी राहूं लागले. तीच आजची बापू-कुटी. माती, बांबू, लांकूड आणि कवेलू एवढ्याच सामग्रीची ही वास्तु आहे. केरळांत घरें बांधणारे लॉरी बेकर यांना १९९० सालीं पद्मश्री मिळाली. घराचें सामान पांच मैलांच्या आंत मिळणारें असावें, हा गांधीजींचा विचार त्यांनीं आपल्या कामाचा पाया मानला होता.

आतां या अटीमागील शास्त्र पाहूं. आपल्या जुन्या व्यवहारांत गांवाचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळींत पेरावें, पांढरींत राहावें. काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. म्हणून पाया मुरुमापर्यंत नेलाच पाहिजे. भिंतीला पांढरी माती, कुटार घालून मळलेली, उत्तम. दीड फूट जाडीच्या अशा भिंतींतून दुपारचें ऊन आंत पोहोंचावयास दहा-बारा तास लागतात. तोंवर रात्र झालेली असते, आणि खिडक्या उघड्या ठेवल्या कीं ती उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. कवेलूंच्या फटींतूनहि गरम हवा वर निसटते. टिनपत्र्याला अशी सबूर नसते; ऊन पडलें कीं तो तापलाच.

दिशेचेंहि गणित आहे. आपल्या अक्षांशावर जूनमध्यें मध्यान्हींचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरांत तो दक्षिणेकडे कलतो. म्हणून दक्षिणेला ओसरी ठेवली, तर उन्हाळ्यांत सावली आणि थंडींत कोंवळें ऊन दोन्ही मिळतात. खरा शत्रु पश्चिमेची भिंत. तिला खिडकी कमी ठेवावी आणि बाहेर कडुनिंब लावावा.

पाण्याचा हिशेब तर शाळेंतील उदाहरणाइतका सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळतें. छप्पर तीस चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ७५० मिलिमीटर धरला, तर २२,५०० लिटर होतात. गळती व पहिल्या सरींचें मळकें पाणी यांसाठीं पांचवा हिस्सा सोडला, तरी १८,००० लिटर उरतात. चार माणसांना पिण्यास व स्वयंपाकास रोज वीस लिटर लागतात असें मानल्यास कोरड्या आठ महिन्यांस ४,८०० लिटर पुरतात. म्हणजे पांच हजार लिटरची झांकलेली टांकी पुरे. स्नानाचें व धुण्याचें पाणी मात्र विहिरीचें, आणि तें वापरून झाल्यावर परसांतील केळींना. मैल्यासाठीं दोन खड्ड्यांचा संडास असावा. एक भरला कीं दुसरा वापरावा. पहिल्यांतील सोनखत मुरल्यावर शेतांत जावें.

दिव्यांसाठीं सूर्य आहेच. १०० वॉटचा फलक दिवसाकाठीं सुमारें ४०० वॉट-तास वीज देतो. नऊ वॉटचे चार दिवे चार तास आणि अठ्ठावीस वॉटचा एक पंखा आठ तास चालविला, तर ३६८ वॉट-तास खर्च होतात, हिशेब जुळला. पण वातानुकूलन यंत्र एका तासांतच दीड हजार वॉट-तास मागतें. तें बसविलें कीं स्वयंपूर्णता संपली, मग छपरावर फलक कितीहि चमकोत.

येथवर सर्व सुखाचें झालें. आतां या हिशेबांतील एक रक्कम सांगतों, जी बांधणारे बहुधा लिहीत नाहींत. मातीचें घर एकदां बांधून संपत नाहीं. तें दर पंधरवड्यास सारवावें लागतें. मृगापूर्वीं कवेलू फेरावे लागतात. पावसानें धुपलेला भिंतीचा पायथा पुन्हां लिंपावा लागतो. बांबूला कीड लागली नाहीं ना, हें पाहावें लागतें. वापरण्यापूर्वीं बांबू बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणांत बुडवून ठेवला, तर तो पुष्कळ टिकतो. पण देखरेख सुटत नाहीं. बापू-कुटी इतकीं वर्षें उभी आहे, ती दरवर्षीं कोणी तरी हात लावीत आलें म्हणून.

या बाबतींत उपदेश करण्याचा अधिकार मला थोडाच आहे. कवेलू फेरणारा मिळेना, आणि वयपरत्वें मला शिडी चढवेना, म्हणून येथें रिसोडला मींहि वडिलार्जित छप्पर उतरवून सिमेंटची स्लॅब घातली. गळती थांबली खरी. पण वैशाखांत ती स्लॅब मध्यरात्रीपर्यंत भट्टीसारखी तापलेली असते, आणि वडील ज्या खोलींत दुपारीं निजत, तेथें आतां यंत्राशिवाय बसवत नाहीं. माझ्या घरांतून गेलें तें नुसतें छप्पर नव्हे. छप्पर राखण्याची विद्या गेली. ती जाणणारे हात आज खेड्यांत साठीच्या पुढचे आहेत, आणि त्यांच्या मुलांनीं ती शिकावी इतकी मजुरी आपण त्यांना देत नाहीं.

म्हणून जे कोणी अशी कुटी बांधूं इच्छितात, त्यांना माझी विनंती एवढीच. बांधकामाच्या खर्चाशेजारीं वर्षाच्या निगराणीचा खर्च लिहा. ती मजुरी गांवांतल्याच माणसाला द्या, आणि त्याच्या हाताखालीं एक तरुण ठेवा. पाहुण्यांनाहि सकाळीं अर्धा तास अंगण सारवूं द्या. तेवढ्यानें त्यांची विश्रांति मोडणार नाहीं. आणि स्वयंपूर्ण म्हणविणारी कुटी पाहावयास कोणी गेलाच, तर मालकाला एवढेंच विचारावें : पुढल्या मृगाआधीं हें छप्पर कोण फेरणार आहे? त्यानें माणसाचें नांव सांगितलें, तर कुटी खरी.