चवडा रुंद, टाच अरुंद

कोल्हापुरात लहानपणी चपला दुकानातून आणायच्या नसत, करून घ्यायच्या असत. चपलेचे मामा जुन्या वर्तमानपत्रावर माझा पाय ठेवायला सांगत आणि कानावरची पेन्सिल काढून पायाभोवती रेघ मारत. करंगळीच्या सांध्यापाशी आले की थांबत, जरा बाहेरून वळसा घेत आणि आईला म्हणत, "ताई, पोरीचा चवडा रुंद आहे." चप्पल पहिले आठ दिवस चावायची, मग सैल व्हायची. कातडं पायाचं वळण घेतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

पुढे म्युनिकला आले आणि पस्तिशीत स्की शिकले. स्कीच्या बुटाचं कवच प्लॅस्टिकचं असतं आणि वापरून वापरून ते पायाचं वळण घेत नाही. आतला मऊ लायनर दबतो, पण बाहेरचा शेल आहे तसाच राहतो. हे समजायला मला दोन हिवाळे आणि डाव्या अंगठ्याचं एक नख मोजावं लागलं. रुंद पायाच्या कुणालाही ती किंमत मोजावी लागू नये, म्हणून हा लेख.

पहिले बूट मी सेलमध्ये घेतले. माझा पाय २४.३ सेंटिमीटर लांब. २४.५ मापाचा बूट घातला तर करंगळीपाशी असह्य दाब यायचा. विक्रेत्याने २५.५ दिला, मग २६.५. तो घातल्यावर हायसं वाटलं. दुकानात चार फेऱ्या मारल्या, कुठेच टोचेना. पैसे देऊन बाहेर पडले. गार्मिशच्या उतारावर दुसऱ्याच दिवशी अंगठा ठणकायला लागला आणि संध्याकाळी नख काळंनिळं झालं होतं. बूट मोठा असूनही नख कसं गेलं? मोठा होता म्हणूनच. टाचेला मागे जागा मिळाली की ती उचलते, प्रत्येक वळणावर पाय पुढे घसरतो आणि अंगठा पुढच्या भिंतीवर आपटतो. तो घसरू नये म्हणून आपण बकल आवळतो. बकलचा दाब पायाच्या वरच्या उंचवट्यावर येतो, तिथल्या शिरा आणि नसा चेपल्या जातात, बोटं बधिर आणि गार पडतात. मग वाटतं, बूट अजून घट्टच आहे, पुढच्या वेळी आणखी मोठा घ्यावा.

रुंद पायाच्या माणसाची सगळ्यात मोठी चूक हीच. तो लांबी वाढवून रुंदी विकत घेतो.

आपल्याकडे असे पाय पुष्कळ. बेल्जियन संशोधक क्रिस्तियान दऊत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतात आयुष्यभर अनवाणी चालणाऱ्यांचे पाय तपासले आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बूट वापरणाऱ्यांपेक्षा या लोकांचा चवडा रुंद होता आणि चालताना तळव्यावरचा दाब अधिक समान पसरत होता. म्हणजे रुंद चवडा हे व्यंग नव्हे, मोकळ्या वाढलेल्या पायाची ती ठेवण आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडे देशभरात एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीय पाय युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचं त्यातही दिसलं आणि भारतासाठी पादत्राणांची 'भा' नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवली गेली. स्कीचे बूट मात्र मुख्यतः युरोपात घडतात. इटलीतला माँटेबेलुना परिसर तर या धंद्याची राजधानीच. नॉर्डिका, टेक्निका, डलबेलो ही नावं तिथली किंवा त्याच्या आसपासची. हे बूट ज्या कलबुतावर, म्हणजे पायाच्या साच्यावर, बेततात, ते कलबूत आपल्या पायावरून घेतलेलं नसतं.

एके काळी तिथेही बूट कातड्याचेच होते. १९५० च्या दशकात नाड्यांच्या जागी बकलं आली. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात बॉब लँग यांनी प्लॅस्टिकचे बूट बनवले आणि काही वर्षांतच शर्यतींच्या उतारांवरून कातडं हद्दपार झालं. स्कीवरची पकड खूपच वाढली. बूट पायाला सरावण्याची सोय मात्र गेली.

आता मापाकडे येते. स्की-बुटाचं माप म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी, याला माँडोपॉइंट म्हणतात. घरी भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या आणि सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा. दोन्ही पाय मोजा, ते क्वचितच सारखे असतात. एक गोष्ट दुकानात फारसं कुणी सांगत नाही. अर्ध्या मापाला बहुधा वेगळा शेल नसतो. बहुतेक कंपन्यांत २४ आणि २४.५ यांचं कवच एकच, फरक फक्त आतल्या तळपट्टीचा किंवा लायनरचा.

रुंदीचा आकडा मिलिमीटरमध्ये छापलेला असतो. ९७-९८ म्हणजे अरुंद, १०० मध्यम, १०२ च्या पुढे रुंद. हा आकडा बहुतेक कंपन्या २६.५ मापाच्या बुटासाठी देतात. माप एकाने उतरलं की रुंदीही साधारण दोन मिलिमीटरने उतरते. म्हणजे माझ्या २४.५ च्या '१०२' बुटात प्रत्यक्षात ९८ च्या आसपासच जागा असते. लहान मापाच्या बायकांनी हे ध्यानात ठेवायलाच हवं. शिवाय हा आकडा फक्त चवड्याचा. पायाचा वरचा उंचवटा, घोटा आणि टाच यांच्याबद्दल तो काहीच सांगत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांचा चवडा रुंद आणि टाच बारीक असते. सगळीकडूनच ऐसपैस असलेला बूट घेतला तर करंगळी सुखी आणि टाच मोकाट. एलव्ही, एमव्ही, एचव्ही ही अक्षरं बुटातली एकूण जागा सांगतात, एचव्ही म्हणजे सगळ्यात भरघोस. उंच उंचवटा आणि जाड घोटा असेल तर तो घ्यावा. टाच बारीक असेल तर मध्यम जागेचा बूट घेऊन चवड्यापाशी रुंद करून घेणं बरं.

तिसऱ्या हिवाळ्यात मी एका बूटफिटरकडे, म्हणजे बूट पायाला बेतून देणाऱ्या कारागिराकडे, गेले. साठीचा माणूस, हाताला प्लॅस्टिकच्या भुशाचा वास. त्याने आधी बूट दाखवलेच नाहीत. मला बसवून पाय मोजला: रुंदी ९७. मग उभं केलं आणि पुन्हा मोजला: १०२. भार आला की माझ्या पायाची कमान बसते आणि पाय पसरतो. तो म्हणाला, "तुमचा पाय रुंद आहेच, पण त्यातले काही मिलिमीटर कमान ढासळल्याचे आहेत. ते आधी परत मिळवू." त्याने कमानीला आधार देणारी तळपट्टी माझ्या पायावर बेतून तयार केली. तिच्यावर उभी राहिले तेव्हा रुंदी ९९ वर आली होती. बुटाला हात लावण्याआधीच निम्मं काम झालं होतं. रुंद पायवाल्यांनी आधी तळपट्टीवर खर्च करावा, बुटावर नंतर, हे माझं ठाम मत त्या दुपारी बनलं.

मग त्याने २४.५ चा लायनर उपसून काढला आणि नुसत्या शेलमध्ये पाय घालायला लावला. बोटं पुढे टेकवायची, गुडघा वाकवायचा आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहायचं. तिथे त्याची दोन बोटं जेमतेम बसली, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर. लांबी बरोबर होती. माझ्या जुन्या २६.५ मध्ये त्याने अख्खा पंजा सरकवून दाखवला.

चवड्याची जागा कशी केली तेही सांगते. माझ्या करंगळीच्या सांध्यावर त्याने लिपस्टिकने ठिपका दिला, पाय शेलमध्ये दाबला आणि ठिपका आत उमटला. तेवढ्याच भागावर गरम हवेचा झोत धरला, प्लॅस्टिक मऊ झाल्यावर आतून गोळा आणि बाहेरून कडी लावून ते हळूहळू बाहेर ओढलं आणि तसंच आवळून रात्रभर गार होऊ दिलं. सकाळी बुटाच्या कडेला सुपारीएवढा फुगवटा आला होता, जणू मामांच्या पेन्सिलीचा तोच वळसा. टाचेची पकड जशीच्या तशी होती.

या कामासाठी शेलचं प्लॅस्टिक महत्त्वाचं. पॉलियुरेथेन चांगलं ताणलं जातं आणि ताणलेलं राहतं. स्वस्त बुटांतलं पॉलिप्रॉपिलीन आणि चढाईच्या हलक्या बुटांतली काही प्लॅस्टिकं पूर्ववत व्हायला बघतात. अटॉमिक आणि सॅलोमनच्या काही बुटांचा अख्खा शेलच ओव्हनमध्ये तापवून पायावर बसवता येतो. अटॉमिकचा हॉक्स मॅग्ना १०२ चा, टेक्निकाचा मॅक१ एचव्ही आणि के२ चा बीएफसी १०३ चा. रुंद पायवाल्यांनी सुरुवात इथून करावी, पण नावावर विसंबून घेऊ नये. बूट मागवून घरी घालून बघण्यापेक्षा फिटरकडे जास्त पैसे मोजावेत. युरोपात बऱ्या बुटाला साधारण ३०० ते ६०० युरो पडतात आणि फिटर पुढच्या किरकोळ दुरुस्त्या बऱ्याचदा त्यातच करून देतो.

नवा बूट घट्टच लागला पाहिजे. उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत आणि गुडघा वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर रेलली की ती मागे सरकावीत. पाय दुपारनंतर सुजतो, तेव्हा खरेदीही दुपारनंतर करावी. टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, आधी घोट्यावरचं बकल लावा, चवड्यावरची अगदी हलकी. एकच पातळ लोकरी मोजा घाला, दोन कधीच नाहीत, कारण दोन मोजे एकमेकांवर सरकतात आणि फोड आणतात. असा बूट वीस मिनिटं घालून बसा. सगळीकडून सारखं आवळल्यासारखं वाटलं तर ठीक, कारण लायनर काही दिवसांत दबून जागा करतो. एकाच ठिकाणी सुई टोचल्यासारखं दुखलं तर ते आपोआप बरं होत नाही, तिथे फिटरचाच हात लागतो.

बूट टिकवायचा तर खरेदी करतानाच तीन गोष्टी पाहा: बकलं धातूची आहेत का, ती स्क्रूने बसवली आहेत का, आणि पुढचे-मागचे तळवे बदलता येतात का. डांबरी रस्त्यावर चालून तळवा झिजला की बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग नीट सुटत नाही आणि पडल्यावर गुडघा जायबंदी होऊ शकतो. तेव्हा झिजलेला तळवा वेळेवर बदलावा, नव्या तळव्याचा प्रकार आपल्या बाइंडिंगला चालतो का ते विचारून. रोज संध्याकाळी लायनर काढून वाळवा, पण हीटरला टेकवून नव्हे. हिवाळा संपल्यावर बकलं हलकी लावून ठेवा, म्हणजे शेलचा आकार राहतो. मुंबई-कोकणातल्या घरच्या माळ्यावर मात्र हे बूट वर्षानुवर्षं टाकू नका. दमटपणाने पॉलियुरेथेन आतून कुजत जातं आणि एके दिवशी उतारावर शेलला तडा जातो. न वापरलेला बूटही असा मरतो. त्यामुळे जुनी जोडी विकत घेताना वापर किती झाला यापेक्षा वय किती हे आधी विचारा.

गुलमर्ग, औली किंवा सोलंगला पहिल्यांदा जाणाऱ्यांनी बूट विकत घेऊ नयेत, भाड्यानेच घ्यावेत. फक्त काउंटरवर रुंद पाय पाहून कुणी दोन मापं मोठा बूट पुढे केला तर नको म्हणा. आपल्या लांबीचाच, पण जुना आणि लायनर दबलेला बूट मागा, रुंद पायाला तो जास्त चांगला बसतो. आपली तळपट्टी असेल तर सोबत न्या, ती भाड्याच्या बुटातही चालते.

आणि विकत घ्यायची वेळ आली की नखं कापून, पातळ मोजे खिशात घालून दुकानात जा आणि पहिली मागणी एवढीच करा: लायनर बाहेर काढा, मला नुसत्या शेलमध्ये पाय घालून बघायचा आहे. नाही म्हणाले तर त्या दुकानातून बूट घेऊ नका.