चिंचोके, काड्या आणि इंग्रजीतील इतिहास

प्राचीन माया संस्कृतीवरील इंग्रजी पाठ पाचाडच्या मुलापुढे ठेवला, तर विषय परका आणि भाषाही परकी. आपल्याकडे त्यावर उपाय ठरलेला: उत्तर फळ्यावर लिहावे, पाठ करून घ्यावे. परीक्षा सुटते, इतिहास फळ्यावरच राहतो. अमेरिकेत ॲना शामो व मायकेल ओमॅली यांनी १९८६ च्या सुमारास निराळी वाट दाखविली. विषय, भाषा आणि शिकण्याच्या युक्त्या एकत्रच शिकवाव्यात, नव्याची सांगड मुलाला आधीच ठाऊक असलेल्याशी घालावी, असे त्यांचे म्हणणे.

पाचाडच्या मुलाला ठाऊक असलेले थोडे का आहे? जिजाबाईंच्या वाड्यातील विहीर त्याने पाहिलेली असते, गडावरील गंगासागरही. मुसळधार पावसानंतरही उन्हाळ्यात पाण्याचे हाल कसे होतात, हे त्याला शिकवावे लागत नाही. युकातानच्या चुनखडीच्या प्रदेशात जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीत. म्हणून माया लोक भूमिगत टाकी खोदून, त्यांना गिलावा करून पावसाचे पाणी साठवीत. एवढे मराठीत उमगले, की 'रेन' आणि 'स्टोअर' हे शब्द अधांतरी राहत नाहीत.

मोजणीचे तर त्याहून सोपे. माया गणना विसाच्या पटीत चाले. आपली कोडीही विसाचीच. ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. चिंचोके, काड्या आणि एक शिंपला एवढ्यावर तास उभा राहतो. शिंपल्याच्या वर एक चिंचोका ठेवून मुलगा 'ट्वेंटी' म्हणाला, तर ते उत्तर त्याचे स्वतःचे असते.

अशा तासाला वेळ अधिक लागतो, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. तेव्हा धडे कमी करण्याचा विचार अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांनीच करावयास हवा.