किल्ली आणि कूस

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी घरी शुश्रूषेला मावशी किंवा मामा ठेवायचे ठरले की ते पुरवणाऱ्या ब्युरोला पहिला प्रश्न जातो, ‘विश्वासू आहेत ना?’ मग आधारकार्डाची प्रत घेतली जाते, पोलिस पडताळणीचा कागद मागितला जातो, कपाटाची किल्ली नेहमीच्या जागेवरून हलते. यात गैर काही नाही. पण ही सगळी खबरदारी चोरीपुरती आहे. रुग्णाला बेडसोर होतो, ठसका लागून अन्न फुफ्फुसात जाते, इंजेक्शनचा डोस चुकतो, तेव्हा समोरच्या हातांची दानत खोटी असावी लागत नाही. ते हात शिकलेले नसले किंवा दमलेले असले तरी पुरते. घरपोच शुश्रूषेची सुरक्षितता तपासायची तर चारित्र्याच्या दाखल्याबरोबर कामाची पद्धतही तपासायला हवी.

ही पद्धत किती बारीक असते पाहा. स्वतः हलू न शकणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाडावर किंवा टाचेवर लाल चट्टा उठला आणि बोटाने दाबूनही तो पांढरा पडला नाही, तर ती बेडसोरची सुरुवात असते. पुष्कळ घरांत अशा वेळी प्रेमाने तेल चोळले जाते आणि आतली दुखावलेली त्वचा आणखी दुखावते. नाकातल्या नळीने पेज देताना डोके उंच हवे आणि नंतरही काही वेळ तसेच राहायला हवे. इन्सुलिनची गोष्ट तर याहून नाजूक. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे असते, पण १०० युनिटचेही मिळते. सिरिंजही वेगळ्या, ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी नारिंगी. शंभराच्या औषधाला लाल टोपणाची सिरिंज लावली, तर विसाच्या रेघेपर्यंत भरलेला डोस प्रत्यक्षात ५० युनिटचा होतो. अशा डोसाने साखर इतकी उतरू शकते की जिवावर बेतावे. टोपणाचा रंग ओळखायला प्रामाणिकपणा कामी येत नाही. कोणीतरी तो शिकवावा लागतो.

हे शिकवण्याची जबाबदारी मात्र नेमकी कोणावर, हे ठरलेले नाही. रुग्णालयांसाठी महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, परिचारिकांची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. घरातली खाट या दोन्हींच्या मधल्या फटीत पडते. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले होते. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि प्रशिक्षित मदतनीस यांची तरतूद त्यात होती. ते मंजूर न होताच लोकसभेची मुदत संपली. इकडे २०११ च्या जनगणनेतच राज्यातल्या शंभरातल्या जवळपास दहा जणांनी साठी ओलांडलेली होती.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. नियम आले की दर वाढतील आणि मध्यमवर्गालाही मावशी परवडणार नाहीत, असे म्हटले जाते. दर वाढतील हे खरेच आहे. पण चिघळलेल्या बेडसोरचे ड्रेसिंग आणि रुग्णालयाची फेरी हाही खर्चच असतो, तो फक्त नंतर येतो. दुसरा आक्षेप, घरची माणसे लक्ष ठेवतातच की! ठेवतात, पण काय पाहायचे हे त्यांनाही कोणी सांगितलेले नसते. शिवाय ‘चोवीस तासांची बाई’ या शब्दांतला हिशेब कोणी मांडत नाही. दोन तासांना एक याप्रमाणे चोवीस तासांत बारा वेळा कूस बदलायची. बाराही वेळा उठणारी मावशी झोपलेली नसते, आणि झोपलेली मावशी बाराही वेळा उठलेली नसते. तेव्हा सुट्टी, झोप आणि बदली माणूस या गोष्टी मावशींच्या हक्काच्या आहेतच, पण त्या रुग्णाच्या औषधपाण्याइतक्याच गरजेच्याही आहेत. मावशींची सुरक्षितताही यातच येते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरालाही कामाची जागा मानतो, हे कामावर ठेवणाऱ्या किती जणांना ठाऊक असते?

कायदा येईल तेव्हा येईल, तोवर ब्युरोशी बोलताना प्रश्न तरी बदलता येतात. या मावशींना कोणी आणि काय शिकवले? नोंदणीकृत सिस्टर किती दिवसांनी येऊन पाहून जाणार? बदली बाई आली तर पहिली तिला काम समजावून मगच जाणार का? इंजेक्शन कोण देणार, हे करारात लिहिले आहे का? आणि खाटेशेजारी एक वही हवी. तिच्यात वेळ, कूस, लघवी, जेवण, औषध यांचे रकाने असावेत. लिहिता न येणाऱ्या मावशींसाठी चित्रे काढून खुणेपुरती जागा ठेवली तरी चालते. वही म्हणजे पाळत, अशी तक्रार होईल. पण रात्री दोनच्या रकान्यात खूण नसेल, तर दोष देण्याआधी त्या रात्री मावशींच्या जोडीला कोण होते, हेही त्याच वहीत पाहता आले पाहिजे. म्हणून घरच्यांनीही आपल्या पाळ्या तिथेच लिहाव्यात.