विहिरीत उतरलेले खत

नीरा, प्रवरा, गोदावरी या नद्यांचे पाट निघाले. ज्या माळावर बाजरी जेमतेम यायची, तिथे ऊस उभा राहिला. पाण्यामागून खताच्या गोण्या आल्या, औषधांचे डबे आले. पीक वाढले. हे चांगलेच झाले. पण रानात टाकलेले सगळे खत पिकाच्या तोंडी पडते का? नाही. मग उरलेले कुठे जाते? ते आपण पाहू.

मिठाचा खडा पाण्यात विरघळतो. मग पाणी जाईल तिकडे मीठ जाते. खताचेही तसेच आहे. युरियाची गोणी 45 किलोची असते. तीत सुमारे 21 किलो नत्र असते. जमिनीत काही दिवसांनी या नत्राचे नायट्रेट बनते. मुळे ते शोषून घेतात. पण माती ते धरून ठेवत नाही. पाटाला पाणी आले की आपण सऱ्या तुडुंब भरतो. "पुन्हा पाळी कधी येईल कोण जाणे," असे म्हणतो. मुळांना नको असलेले पाणी खाली मुरते, आणि जाताना नायट्रेट बरोबर नेते. झिरपत झिरपत ते विहिरीत येते. पैसे मोजून आणलेले खत असे आपल्याच घागरीत येते!

हे पाणी दिसायला स्वच्छ असते. त्याला वास नाही, रंग नाही. पण एका लिटरमध्ये 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असेल, तर ते पिण्यास योग्य नाही, असे आपल्या देशाचे प्रमाण आहे. खरा धोका तान्ह्या बाळाला. अशा पाण्यात दुधाची पावडर कालवून पाजली, तर बाळाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. ओठ व नखे निळसर पडतात. असे दिसले तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

"पाणी उकळले की झाले," असे आपल्याला वाटते. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून ते जास्त दाट होते. म्हणून बाळाला सहा महिने आईचेच दूध द्यावे. वरचे पाणीसुद्धा नको.

मग खत टाकायचेच नाही का? टाकायचे, पण हिशेबाने.

१. माती तपासून घ्या. लागेल तेवढेच खत द्या. तेही एकदम नको, थोडे थोडे द्या.

२. खत मातीआड करा आणि हलके पाणी द्या. मोठ्या पावसाचा रंग दिसला तर खत टाकू नका. वाफसा पाहून पाणी द्या. ठिबक असेल तर फारच चांगले.

३. शेणखत घाला, ताग गाडा, आणि तेवढा युरिया कमी करा. उकिरडा मात्र विहिरीपासून लांब ठेवा. त्यातूनही नायट्रेट झिरपते.

४. फवारणीचा पंप विहिरीवर किंवा पाटात धुऊ नका. धुतलेले पाणी त्याच पिकावर फवारा. औषधाच्या रिकाम्या डब्यांना भोके पाडा. ते घरात वापरू नका.

५. पिण्याच्या विहिरीचे पाणी ग्रामपंचायतीला सांगून तपासून घ्या.

शेताला बांध असतो. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. आपल्या रानातले खत शेजाऱ्याच्या विहिरीत जाते, त्याच्या रानातले आपल्या विहिरीत येते. म्हणून हे काम एकट्यादुकट्याचे नाही. पाटावरच्या सगळ्यांनी एकत्र बसून ते ठरवले पाहिजे.