घोड्यावरचं घर

मुलांनो, दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की शिरवळच्या आसपास, भोरच्या नाहीतर लोणंदच्या रस्त्याला, एक गंमत हमखास बघायला मिळते. चालती एस.टी. एकदम थांबते. ड्रायव्हरकाका खिडकीतून डोकं बाहेर काढतात. पुढं रस्ताभर मेंढ्याच मेंढ्या! काळ्या, करड्या, मधेच एखादी पांढरी. हातात काठी आणि खांद्यावर घोंगडं घेतलेले दोघे-तिघे धनगर तोंडानं ‘हुर्रर्र’ असा आवाज काढत त्यांना एका कडेला घेतात. पण खरी बघण्यासारखी गोष्ट असते ती कळपाच्याही पुढं निघून गेलेली घोडी. त्या घोड्यांवर काय नसतं? दुमडलेलं पाल, त्याच्या काठ्या, तवा, पातेली, पाण्याचे हंडे, वाकळा, पिठाचं गाठोडं, पाय बांधलेल्या कोंबड्या, कालपरवा जन्मलेली कोकरं. आणि या सगळ्यावर ऐटीत बसलेलं, तुमच्या धाकट्या भावंडाएवढं एखादं पोर!

म्हणजे घोड्याच्या पाठीवर अख्खं घरच की.

ही माणसं येतात कुठून आणि जातात कुठं? त्याचं उत्तर भूगोलाच्या पुस्तकात आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या फलटणला पाचशेच्या आसपास. सह्याद्रीच्या आडोशामुळं फलटण, माण, खटाव, खंडाळ्याचा पूर्व भाग हा सगळा मुलूख कोरडा. इथं नदीकाठ आणि कालवा सोडला तर पावसाळ्यात उगवलेलं गवत दिवाळीपर्यंत संपतं. उलट कोकणात भातकापणी झाल्यावर खाचरं मोकळी असतात, हिरवा पाला असतो, पाणी असतं. मग कोकणातच का राहत नाहीत? अहो, कोकणच्या पावसात आपली दख्खनी मेंढी टिकत नाही. पाय सतत ओले राहिले की खूर सडतात. म्हणून पावसाळ्यात माणदेश आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात कोकण, असा हा झोका शेकडो वर्षं चालू आहे. भोरवरून वरंध घाट उतरलं की महाड. नीरा नदीच्या काठचं शिरवळ हे या चालण्यातलं एक वळण. आता सगळेच कोकणात उतरत नाहीत, बरं का. कित्येक कळप पुणे, नगर, नाशिककडं बागायती भागात पीक निघालेल्या रानांत चरतात.

आता एक प्रश्न. एका कुटुंबानं आपल्या चाळीस-पन्नास मेंढ्या घेऊन एकट्यानं जायला काय हरकत आहे? कुणाशी जुळवून घ्यायला नको, वाटणी नको. पण असं कुणी जात नाही. पाच-सात, कधी दहा-बारा कुटुंबं मिळून निघतात. या सगळ्यांच्या मुक्कामाला म्हणतात वाडा. वाडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर शनिवारवाडा आला असेल. या वाड्याला भिंत नाही, दरवाजा नाही, आणि तो रोज वेगळ्या गावात असतो!

वाड्याचा एक दिवस बघितला की एकट्याचं हे काम नव्हे, ते लगेच कळतं. पहाटे गडी मेंढ्या घेऊन चरायला निघतात. कळप लांबचा रस्ता घेतो, कारण त्याला चरत चरत जायचं असतं. इकडं बायका पालं उतरवतात, बांधाबांध करतात, घोड्यांवर ओझं चढवतात आणि जवळच्या रस्त्यानं पुढच्या मुक्कामाला पोचतात. ओझं दोन्ही बाजूंना सारखं तोललेलं पाहिजे, नाहीतर घोड्याच्या पाठीला जखम होते. (तुमचं दप्तर भरताना एकदा हा हिशेब करून बघा.) जागा आधी ठरलेली असते. वाड्यातला एखादा जाणता माणूस पुढं जाऊन ती बघून आलेला असतो. पाणी कुठं आहे, कुणाचं रान मोकळं झालंय, तो शेतकरी मेंढ्या बसवून घेईल का, हे सगळं त्यानं विचारलेलं असतं. दिवसभर मोठ्या मेंढ्या लांब असतात आणि कोकरं वाड्याजवळ. ती राखायची कुणी? पोरांनी. तेच त्यांचं काम.

संध्याकाळी कळप परत आला की जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो. शंभर आया आपापल्या पिल्लांना हाका मारतात आणि शंभर पिल्लं आयांना. त्या गोंधळात प्रत्येकाला आपापली आई बरोबर सापडते. मग शेतात वाघर लावतात. वाघर म्हणजे दोऱ्याचं जाळं. त्याच्या आत रात्रभर मेंढ्या बसवल्या की लेंड्या आणि मूत थेट मातीत पडतं. रासायनिक खताच्या गोणीला जे जमत नाही ते हे खत करतं, म्हणून शेतकरी त्याबद्दल पूर्वी धान्य द्यायचे, हल्ली बहुतेक ठिकाणी पैसे देतात. रात्री राखण. लांडगा येतो, उसाच्या पट्ट्यात बिबट्या येतो, चोरही येतात. कुत्री असतात, पण माणसालाही जागावं लागतं, आणि एकच माणूस रोज रात्री जागून रोज दिवसा चालू शकत नाही. पाळी लागते. मेंढी व्यायला झाली, कुणाला ताप आला, बाजारातून पीठमीठ आणायचं राहिलं, गावात कुणाशी कटकट झाली, तर शेजारच्या पालातलं माणूस लागतं. त्यासाठी वाडा. हिशेब आणि चूल मात्र ज्याची त्याची वेगळी!

झाली रोजची सोबत. पण वाडे तरी एकमेकांना कधी भेटणार? कुणी रायगडात, कुणी जुन्नरला. पत्र पाठवायचं तर पत्ता काय लिहिणार? आज प्रत्येकाजवळ मोबाइल आहे, पण तो यायच्या आधी कित्येक पिढ्या एकच युक्ती होती : देव आणि तिथी. जागा ठरलेली, पौर्णिमा ठरलेली. जो जिथं असेल तिथून त्या दिवशी तिथं पोचणार.

शिरवळपासून जवळच, पुरंदर तालुक्यात, वीर नावाचं गाव आहे. वीर धरण तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. तिथं श्रीनाथ म्हस्कोबाचं मोठं देऊळ आहे. हा देव मराठवाड्यातल्या सोनारीहून कमळाजी नावाच्या धनगर भक्ताच्या मागं इथं आला, अशी कथा सांगतात. माघ पौर्णिमेला इथं देवाचं लग्न लागतं आणि यात्रा पुढं कितीतरी दिवस चालते. गावोगावच्या पालख्या येतात, ढोल वाजतात, आणि त्या गर्दीत नातेवाईक भेटतात, सोयरिकी जुळतात, अमक्या रानात यंदा चारा नाही ही खबर मिळते. रात्री धनगरी ओव्या होतात. थोडं गायचं, मग तेच बोलून सांगायचं, पुन्हा गायचं, अशी रात्रभर चालणारी गोष्ट. या ओव्या ऐकायला गुंथर सोंथायमर नावाचे जर्मन प्राध्यापक वर्षानुवर्षं या भागात येत राहिले. ते हायडलबर्ग विद्यापीठात शिकवायचे. इथल्या धनगरांच्या देवांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली निघाला. आपल्यापैकी किती जणांनी एक तरी ओवी पुरी ऐकलीय?

जेजुरीचा पौष पौर्णिमेचा बाजार तर याहून वेगळा. तिथं भरतो गाढवांचा बाजार! हसू नका. वैदू, बेलदार, कैकाडी, वडार, कुंभार, परीट अशा किती समाजांचं घर आणि धंदा गाढवाच्या पाठीवर चालत आला. गुजरातेतून काठेवाडी गाढवं येतात, आपली गावरान असतात. घेणारा आधी तोंड उघडून दात मोजतो, म्हणजे वय कळतं, मग चालवून बघतो. यंत्रं आली तशी गाढवं कमी झाली. २०१२ च्या पशुगणनेत देशभरात ३ लाख २० हजारांच्या आसपास गाढवं होती, २०१९ मध्ये १ लाख २० हजारच उरली. तरी बाजार भरतो. कारण लोक नुसती गाढवं घ्यायला येत नाहीत, आपली माणसं भेटायला येतात.

या भेटीत सगळंच गोड असतं असं मात्र समजू नका. याच ठिकाणी जातपंचायती बसायच्या. भांडणं मिटायची हे खरं, पण कुणी पंचांचं ऐकलं नाही तर त्याला वाळीत टाकायचे. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या घरी जायचं नाही. सदा फिरणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा भेटणारी माणसंही तोडली, तर त्याचं काय होत असेल? महाराष्ट्रानं याविरुद्ध कायदा केला. २०१६ साली विधिमंडळानं तो मंजूर केला आणि २०१७ पासून तो लागू आहे.

आता जरा लांब जाऊ या, पार अमेरिकेत. तिथल्या ॲरिझोना राज्याच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट नावाचं गाव आहे. २०२० च्या जनगणनेत वस्ती होती अडीच हजारांच्या आत. पण थंडीत तिथं लाखो माणसं येतात, आणि येतात ती घर घेऊन! त्यांचं घर म्हणजे कॅराव्हान. टेंपोएवढी नाहीतर बसएवढी मोटार, आत बिछाना, शेगडी, मोरी. उत्तरेला बर्फ पडायला लागला की ही मंडळी दक्षिणेच्या उबदार वाळवंटात उतरतात, आणि उन्हाळ्यात तिथं भट्टी पेटली की पुन्हा वर. काय, ओळखीचं वाटतंय ना?

यातली कित्येक माणसं अगदी एकटी असतात. कुणाचा जोडीदार वारलेला, कुणाची मुलं दूर. काही जण हौसेनं फिरतात, तर काहींना घरभाडंच परवडेना म्हणून गाडीत राहायला आलेले. वाळवंटात चाक वाळूत रुतलं, रात्री छातीत दुखायला लागलं, तर हाक कुणाला मारायची? म्हणून मग मेळावे भरायला लागले. १९७० च्या सुमारास ‘लोनर्स ऑन व्हील्स’, म्हणजे ‘चाकांवरचे एकटे’, नावाचा क्लब निघाला. त्याचा नियम ऐका : दोघा सभासदांनी जोडी जमवून एका गाडीत संसार मांडला, तर त्यांना क्लब सोडावा लागे! २०११ पासून बॉब वेल्स नावाच्या गृहस्थांनी क्वार्ट्झसाइटजवळ जानेवारीत मेळावा भरवायला सुरुवात केली. आधी पन्नासएक माणसं, काही वर्षांतच हजारो. गाडी कशी दुरुस्त करायची, सूर्यप्रकाशावर वीज कशी करायची, थोड्या पैशांत कसं भागवायचं, हे तिथं एकमेकांना शिकवतात. नको असलेलं सामान एका जागी ठेवतात, लागेल त्यानं फुकट न्यावं. दिवसा चार-सहा जण मिळून टेकड्यांत भटकून येतात, संध्याकाळी जो तो आपली खुर्ची घेऊन शेकोटीला येतो. ‘नोमॅडलँड’ नावाच्या सिनेमात हे सगळं आहे. त्याला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि त्यात बॉब वेल्स स्वतः बॉब वेल्स म्हणूनच आहेत.

सरकारी माळावर तिथं साधारणपणे चौदा दिवस फुकट राहता येतं, मग हलावं लागतं. मोसमभर राहायचं तर ठरावीक जागेत, पैसे भरून. म्हणजे माळ राखलेला आहे, नियम लिहिलेला आहे. मला विचाराल तर आपल्या वाड्यांपाशी हीच एक गोष्ट नाही.

त्यांना कुठं उतरायचं हे दर वर्षी नव्यानं विचारावं लागतं. शिरवळ-खंडाळ्याच्या पट्ट्यात पूर्वी जिथं माळ होते तिथं आता कारखाने, गोदामं आणि प्लॉटिंगची कुंपणं आहेत. महामार्ग रुंद झाला, गाड्या सुसाट झाल्या. दख्खनी मेंढीची लोकर जाड, घोंगडी विणायला चांगली, पण घोंगड्या कोण घेतं? कातरणीची मजुरीसुद्धा निघत नाही म्हणून लोकर टाकून देतात. मेंढ्या मात्र कमी झालेल्या नाहीत. २०१९ च्या गणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख होत्या, कारण मटणाला मागणी आहे. शिरवळला तर १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, जनावरांचे डॉक्टर तयार करणारं. पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची लस टोचली तर मेंढ्या वाचतात. ती वेळेवर टोचायला वाडा त्या वेळी सापडला पाहिजे, एवढंच.

आणि शाळा? पुष्कळ घरांत एखादं मूल आजी-आजोबांपाशी गावी ठेवतात, ते शिकतं. बाकीची वाड्याबरोबर जातात आणि कोकरं राखतात. कुणी शिकायचं आणि कुणी चालायचं, हे एकाच घरात ठरवावं लागतं, बघा. फलटण तालुक्यातल्या लक्ष्मण मान्यांचं घर असंच गाढवावर होतं. ते कैकाडी समाजातले. फिरस्तीवर असूनही त्यांच्या वडिलांनी त्यांना शाळेत घातलं, त्यासाठी काय काय सोसलं, ते त्यांनी ‘उपरा’मध्ये लिहिलंय. हे पुस्तक १९८० साली आलं आणि १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. थोडे मोठे झालात की जरूर वाचा. पालकांनी आजच वाचायला हरकत नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या कुठल्याही मुलाला वर्षाच्या मध्येही जवळच्या शाळेत प्रवेश द्यावाच लागतो. दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. गाव सोडून जाणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडं ‘शिक्षण हमी कार्ड’ही आहे. ते दाखवलं की पुढच्या गावची शाळा त्याला त्याच्या इयत्तेत बसवून घेते. तेव्हा नोव्हेंबरात तुमच्या वर्गात एखादा नवा मुलगा किंवा मुलगी महिनाभरासाठी येऊन बसली, तर बाकावर थोडं सरका, आणि अंधारात शंभर कोकरांतून आपलं कोकरू कसं ओळखायचं ते तिला विचारून घ्या. गुरुजींना ते बहुधा ठाऊक नसेल!