कुलूपबंद मोबाईल आणि घरचा नंबर

आपल्या खिशात मोबाईल आहे आणि त्यात शेकडो नंबर आहेत. पण उद्या आपण रस्त्यात बेशुद्ध पडलो, तर उचलणाऱ्या माणसाला त्यातला एक तरी नंबर मिळेल काय?

मोटार अपघाताच्या एका दाव्यात मी वकील होतो. बिगारी काम करणारा तरुण रात्री घरी परतताना गाडीने उडवला. लोकांनी रिक्षात घालून रुग्णालयात नेले. मोबाईल शाबूत होता, पण कुलूपबंद! कागदावर ‘अनोळखी इसम’ अशी नोंद झाली. घरच्यांना वाटले, पोरगा रात्रपाळीला थांबला असेल. पहाटे बापाने फोन लावला, तो वॉर्डातल्या मावशींनी उचलला. बाप पोहोचला तेव्हा उशीर झाला होता. नुकसानभरपाई न्यायाधिकरण देते. ती रात्र कोण परत देणार?

या प्रश्नावर इंग्लंडमधील केंब्रिजचे रुग्णवाहिका कर्मचारी बॉब ब्रॉची यांनी २००५ साली साधा उपाय सुचवला. घरच्या माणसाचा नंबर ‘आयसीई’ या नावाने साठवा. ‘इन केस ऑफ इमर्जन्सी’ची ही आद्याक्षरे. ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि त्यानंतर ही कल्पना जगभर पसरली. तेव्हाचे बहुतेक फोन कुलपाविना असत. आज फोन उघडतच नाही, म्हणून नुसते नाव साठवून भागत नाही. अँड्रॉईड फोनच्या सेटिंगमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ आणि आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये ‘मेडिकल आयडी’ असते. तेथे दोन नंबर, रक्तगट व चालू औषधे भरा. ती माहिती कुलूप न उघडता, ‘इमर्जन्सी’ या बटणावरून दिसते. ११२ हा नंबरही कुलूपबंद फोनवरून लागतो.

आता कायद्याची बाजू. अटक झालेल्या माणसाच्या नातेवाइकाला वा मित्राला कळवलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी बजावले. पुढे ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५०-अ मध्ये आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८ तेच सांगते. आरोपी ज्याचे नाव सांगेल, त्याला अटक झाली व कोठे ठेवले, हे ताबडतोब कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवले की नाही, याची खात्री दंडाधिकाऱ्याने करून घ्यायची आहे.

हक्क कागदावर पक्का आहे. पण ठाण्यात मोबाईल आधी हातातून जातो आणि मग ‘कोणाला कळवू?’ असे विचारले, तर आमचे पक्षकार गप्प! आईचा नंबरही पाठ नसतो. मग हक्क असून उपयोग काय?

म्हणून आज रात्री तीन कामे करा. मोबाईलमध्ये आपत्कालीन माहिती भरा. दोन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. आणि एक नंबर स्वतः पाठ करा, घरातल्या लेकरांकडूनही पाठ करून घ्या. ज्यांना मोबाईलचे हे जमत नाही, त्या शेजारच्या आजी-आजोबांचे काम वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी करून द्यावे. याला पाच मिनिटे लागतात, पैसा लागत नाही.